सहा साचे

"सहा. सातवा मागितलास तर मिळायचा नाही," डगी पायबस म्हणाला आणि बाकावर बसता बसता गुडघ्याला हात लावून कण्हला. "उन्हाळा सरला की ही भट्टी मी कायमची विझवणार, पोरी. बायको म्हणते, स्पेनला जाऊन ऊन खाऊ. मी म्हटलं, जन्मभर भट्टीपाशी बसलोय, अजून किती ऊन खाऊ? पण तिच्यापुढे माझं काही चालतंय होय?"

फ्रेडा चार्लटनने सत्तरी कधीच ओलांडली होती. पण डगीच्या लेखी ती पोरीच होती. डरॅमच्या त्या भागात दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे तसंच बोलतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फ्रेडाने समोरच्या फळीवरचा एक रबरी साचा उचलून उजेडात धरला. कथील आणि शिशाचा रस पिऊन पिऊन रबर काळं पडलं होतं, कडा झडल्या होत्या.

"बघ ना," डगी म्हणाला. "या साच्यातून बफर, वॅगनीच्या टोकाचा धक्का झेलणारा दट्ट्या, काढला की त्याला मिशा फुटलेल्या असतात. सगळे साचे असेच झालेत. जायच्या आधी तुला सहा वॅगनींचे नवे साचे करून देतो आणि त्यांचे भाग पोतंभर ओतून ठेवतो. तुझ्या हयातीत संपायचे नाहीत. बाकीच्यांना रामराम."

"दुसरा कुणी करून देणार नाही?"

"ओतणारे आहेत. पण तुझं काम बघून हसतील. एवढ्याशासाठी कोण भट्टी पेटवतो? तुझा राल्फ इथं येऊन बोलायला बसायचा, आणि मी हो म्हटल्याशिवाय उठायचाच नाही. म्हणून करत आलो." "कुठल्या सहा ठेवायच्या ते तू ठरव. पण लवकर."

बसने शिल्डनला परत येताना फ्रेडाच्या डोक्यात तेच. सहा. घरात तीसेक तऱ्हेच्या वॅगनी होत्या. कोळशाच्या, चुनखडीच्या, मिठाच्या, मासळीच्या, गुरांच्या, दारूगोळ्याच्या. सगळ्या मूळ वॅगनींच्या बरहुकूम लहान प्रती, तळहाताएवढ्या, आणि सगळ्या सुट्या भागांत, खोक्यात घातलेल्या. घेणाऱ्याने घरी बसून त्या जोडायच्या, रंगवायच्या आणि आपल्या छोट्या रुळांवर चालवायच्या.

हा सगळा पसारा राल्फचा, तिच्या नवऱ्याचा. तो शिल्डनच्या वॅगन कारखान्यात नकाशे काढायचा. कारखाना बंद पडला तेव्हा गावातले पुरुष काही दिवस नुसतेच रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहायचे. राल्फ उभा राहिला नाही. त्याने मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि ज्या वॅगनी गावाने बांधल्या होत्या त्या छोट्या करून बांधायला घेतल्या. नवी वॅगन काढायची असली की तो महिनाभर जेवताना तेवढंच बोलायचा. फ्रेडाला वॅगनींचं काडीचं कौतुक नव्हतं. ती बटाटे वाढत विचारायची, "ही तुला हवीये की लोकांना?" तो रागवायचा, दोन दिवस गप्प बसायचा, आणि मग बहुतेक वेळा तिचंच ऐकायचा. तिचं काम खोकी भरायचं. भाग मोजून पिशवीत घालायचे, वर जोडणीचा कागद, मग चिकटपट्टी, पत्ता, टपाल.

राल्फ जाऊन तीन हिवाळे झाले होते. खोकी भरणं तिने थांबवलं नव्हतं. का थांबवलं नाही, हे मुलीने कॅनडातून फोनवर विचारलं तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. "फोन येतात गं," एवढंच ती म्हणाली.

डार्लिंग्टनला चर्चच्या सभागृहात दरवर्षी छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरतं. फ्रेडा तिथे आपलं टेबल मांडायची. यंदा तिने ठरवलं, लोकांनाच विचारायचं. कळण्यासारखं त्यांनाच कळतं.

मॉरिस नावाचा उंच गृहस्थ आणि त्याचा बुटका मित्र सगळ्यांत आधी आले. दोघेही दरवर्षी यायचे, सगळी खोकी हातात घेऊन बघायचे आणि शेजारच्या टेबलावर जाऊन केक खायचे.

"दारूगोळ्याचा डबा ठेवाच," मॉरिस म्हणाला. "तसा डबा दुसरं कुणीच काढत नाही."

"कारण तो कुणी घेत नाही," बुटका म्हणाला.

"मी घेईन ना!"

"गेल्या वर्षी पण घेणार होतास. त्याच्या आदल्या वर्षी पण. तुझ्याकडे खोकी पडलीत ती आधी जोड, मग गोळीबार कर."

"आणि तू रे? गुरांचा डबा घेतलास, त्याला अजून दार नाही लावलंस. गाई सगळ्या पळून गेल्या असतील."

दोघं हसले. मग मॉरिसने मासळीच्या डब्याच्या छपराबद्दल बुटक्याला काहीतरी सांगायला सुरुवात केली, बुटक्याने ते खोडून काढलं, आणि बोलता बोलता दोघे टेबलापासून कधी दूर गेले ते त्यांनाही कळलं नाही. फ्रेडाने विचारलेला प्रश्न तिच्यापाशीच राहिला. नंतर आलेल्यांचं तेच. प्रत्येकजण अशी वॅगन सांगायचा जी त्याने कधी घेतली नव्हती आणि घेणारही नव्हता. राल्फची आठवण मात्र सगळ्यांनी काढली. "काय माणूस होता!" म्हणायचे, आणि तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचे, जणू तो अजून तिथे उभा आहे. दुपारी तिने घरून आणलेलं सँडविच टेबलामागे बसून खाल्लं. सभागृहात चारही बाजूंनी गाड्या गोल गोल फिरत होत्या. सकाळपासून आपल्याला कुणी 'कशी आहेस' असं विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. आणि ते लक्षात आल्याचाच तिला जास्त राग आला.

मग लोकांच्या तोंडाकडे न बघता त्यांनी काय घेतलं ते बघायचं, असं तिने ठरवलं. त्याला फार डोकं लागत नव्हतं. कोणत्या पिशव्या आपण सारख्या भरतो हे तिच्या बोटांनाच ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त जायचा तो गार्डाचा डबा. मालगाडीच्या शेवटी लागतो तो, दोन्हीकडे ओसरी असलेला. आणि तो घेणाऱ्यांत पहिला नंबर मिस्टर हेस्लप यांचा.

मिस्टर हेस्लप सीहॅमला समुद्रकाठी राहायचे. महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा, राल्फ असल्यापासून. "मिसेस चार्लटन, हेस्लप बोलतोय. एक गार्डाचा डबा पाठवाल का? घाई नाही." मग ते वाऱ्याबद्दल बोलायचे. सीगलने शेजारणीच्या हातातला पाव कसा पळवला ते सांगायचे. परसात लावलेले कांद्याच्या जातीचे लीक यंदा कसे पोसलेत, आणि स्पर्धेत शेजारी लबाडी करून कसा जिंकतो, हे सांगायचे. फ्रेडा "हो का?", "काय सांगता!" म्हणत ऐकायची. फोन ठेवला की लगेच खोकं भरायला घ्यायची. कंदील टांगायचे इवलेसे आकडे दोनदा मोजायची, कारण ते हरवतात.

आणि भरताना तिच्या डोळ्यांपुढे मिस्टर हेस्लप यांची रेल्वे उभी राहायची. इतके गार्डाचे डबे म्हणजे तितक्या मालगाड्या. मोठी माडी असणार. खिडकीतून समुद्र दिसत असणार. बोगदा असेल, पूल असेल, एक छोटं स्टेशन असेल आणि फलाटावर बाक. पावसाळी दुपारी घर फारच शांत झालं की ती त्या स्टेशनाला एखादी गोष्ट जोडायची. एकदा पाण्याची टाकी दिली. एकदा स्टेशनमास्तरच्या बायकोला दोरीवर कपडे वाळत घालायला लावलं. हे ती कुणालाही सांगणार नव्हती.

विचारायचं तर या माणसाला विचारावं, तिला वाटलं. पुढच्या फोनला ती म्हणाली, "या वेळचा डबा मी स्वतःच घेऊन येते. म्हाताऱ्यांना बस फुकट आहे. जरा सल्लाही हवाय तुमचा."

"अहो, कशाला तसदी? टपालाने येतो की तो."

"तसदी कसली? तुमची रेल्वे बघायची आहे मला."

"घर फार अस्ताव्यस्त आहे हो."

"माझंही असतं," ती म्हणाली.

घर अस्ताव्यस्त नव्हतंच. फार नीटनेटकं होतं. मिस्टर हेस्लप बारीक अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते आणि त्यांनी घरात टाय लावला होता. त्यांनी चहा केला, सोबत स्कोन नावाचे छोटे गोड पाव ठेवले, लोणी ठेवलं, आणि लीकबद्दल बोलायला सुरुवात केली. फोनवर जे सहज यायचं ते समोरासमोर येईना. फ्रेडाने चहा संपवला, डगीचं सगळं सांगितलं, सहा साच्यांचंही सांगितलं.

"तर आता दाखवा," ती म्हणाली. "वर आहे ना?"

ते उठले नाहीत. टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिले.

"मिस्टर हेस्लप?"

"रेल्वे नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे? काढून टाकलीत?"

"कधीच नव्हती." मग ते उठले आणि जिन्याखालच्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं. आत तपकिरी खोकी एकावर एक रचलेली होती, वरपर्यंत. प्रत्येकावर फ्रेडाच्या अक्षरात पत्ता आणि प्रत्येकावर फ्रेडाने लावलेली चिकटपट्टी, जशीच्या तशी. फक्त सगळ्यांत खालचं एक खोकं उघडलेलं होतं.

फ्रेडाने वरच्या खोक्यावरच्या पत्त्यावरून बोट फिरवलं.

"ते पहिलं," मिस्टर हेस्लप खालच्या खोक्याकडे बघत म्हणाले. "माझी बायको मेरियन गेल्यावर लोक म्हणाले, काहीतरी छंद लावून घे. मी घेतलं. बसलो जोडायला. तुमच्या कागदावर लिहिलंय, डिंक वाळेपर्यंत समोरची बाजू दुसऱ्या कुणालातरी धरायला सांगा." ते जरासे हसले. "मी इकडेतिकडे बघितलं. घरात कोण होतं? मी एकट्याने बराच प्रयत्न केला. बाजू पडायची ती पडायचीच. शेवटी फोन केला. मला वाटलं, परत घ्या म्हणून सांगावं. तुमच्या यजमानांनी उचलला. काय छान बोलले! म्हणाले, अहो, सोपं आहे, मिसेसना सांगा बोट लावून धरायला. मी म्हटलं, बरं. मग ते कारखान्यातलं काही काही सांगत राहिले. फोन ठेवायची वेळ आली तर माझ्या तोंडून निघून गेलं, अजून एक पाठवा."

"आणि मग?"

"मग काय? काही न मागवता फोन कसा करणार?"

"मला सांगायचं तरी! राल्फ गेल्यावर तरी. मी इथे..." फ्रेडाचा आवाज चढला होता. "मी आकडे दोन-दोनदा मोजून घालत होते!"

"काय सांगायचं, मिसेस चार्लटन? घरात बाजू धरायला माणूस नाही, हे?"

ती पर्स घेऊन उठली. आणलेलं खोकं टेबलावरच राहिलं. दारात ते काहीतरी म्हणाले, बहुधा बसच्या वेळेबद्दल. तिने नुसती मान हलवली.

बसमध्ये तिला रडू आलं, आणि रडू येण्याची तिला लाज वाटली. त्या माणसाने पै न पै चुकती केली होती. तिला फसवलं म्हणावं असं काहीच नव्हतं. पण तो बोगदा, तो पूल, ते स्टेशन कुठे उभंच राहिलं नव्हतं, कपाटाच्या अंधारात नुसती खोकी होती. स्टेशनमास्तरची बायको नव्हती. इतकी वर्षं आपण कुठेतरी गाडी पाठवतोय असं वाटत होतं, आणि गाडी गावाबाहेर गेलीच नव्हती.

दोन-तीन दिवस तिने फोन उचलला नाही. नंतर एका सकाळी तिने गार्डाच्या डब्याचं खोकं घेतलं, चिकटपट्टी कापली आणि सगळे भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतले. आयुष्यात एवढी खोकी भरली, पण एकही वॅगन तिने स्वतः जोडली नव्हती.

तळ बसला. पहिली बाजू बसली. दुसरी बाजू धरली की पहिली कलायची, पहिली सावरली की दुसरी पडायची. ओसरीचा कठडा तर दोन हातांचं कामच नव्हे. आणि मग तिला आठवलं. मागच्या खोलीतून हाक यायची, "फ्रेडा, जरा बोट दे गं!" ती पीठ लागलेल्या हातानेच जायची आणि त्याने दाखवलेल्या जागी बोट टेकवून उभी राहायची. तो शेजारी काहीतरी पुटपुटत असायचा. डिंक वाळेपर्यंत दोघं तशीच असायची. तिला ते वेळ घालवणं वाटायचं. राल्फने तीस वॅगनी काढल्या त्या अशा, तिचं बोट घरात आहे हे धरून. घरात बोट नसलेली माणसं जगात आहेत, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं.

"शहाणाच होतास," ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली.

तो सगळा वसंत तिने वॅगनी जोडण्यात घालवला. डगी फोन करून करून थकला. पहिली मिठाची वॅगन लंगड्या कुत्र्यासारखी एका बाजूला बसली. मासळीच्या डब्याचं छप्पर कितीही घासलं तरी टेकेना, आणि बुटक्या मित्राने मॉरिसचं काय खोडून काढलं होतं ते तिला आता कळलं. चुनखडीची वॅगन मात्र कशी सुरेख जमली! चारही बाजू एकमेकींना आपोआप धरून राहिल्या. ती टेबलावर पुढे-मागे ढकलताना फ्रेडा चक्क हसली, आणि दाखवायला कुणी नाही म्हणून मग चहा करायला उठली. कधी बोटं डिंकाने चिकटली, कधी चष्म्यावर डिंक सांडला. जी वॅगन एकट्या माणसाला पुरी करता येईल ती ठेवायची, बाकी सोडायच्या, एवढं एकच गणित तिने धरलं.

सहावी ठरेपर्यंत जून उजाडला. ती डगीकडे गेली आणि सहा नावं सांगितली.

डगीने ती पुन्हा एकदा वदवून घेतली. "आणि शिल्डनची कोळशाची? खालून दार उघडणारी? राल्फने स्वतः कारखान्यात तिचे नकाशे काढले होते, पोरी! ती त्याची लाडकी."

"तिला तीन हात लागतात."

"गार्डाचा डबाही नाही? तुझा सगळ्यांत जास्त तोच जातो ना?"

"जात नाही," फ्रेडा म्हणाली. "मला वाटत होतं जातो."

डगीने डोकं खाजवलं. "राल्फ असता तर महिनाभर बोलला नसता तुझ्याशी."

"आता तरी कुठे बोलतोय?"

डगीने तिच्याकडे बघितलं, मग भट्टीकडे बघितलं. "चहा घेशील?" तो म्हणाला. नेहमी ती नको म्हणायची, बस चुकेल म्हणून. आज बसली.

ऑगस्टच्या अखेरीस ओतलेल्या भागांची खोकी घरी आली आणि भट्टी विझली. डगी स्पेनला गेला, तिथून त्याने समुद्राचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. फ्रेडाने सहाही वॅगनींच्या जोडणीचे कागद नव्याने लिहिले. कुठेही दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगितलं नाही. त्याऐवजी लिहिलं, पुस्तकांचा टेकू द्या, आणि टेकू देण्याजोगी पुस्तकं कशी असावीत तेही लिहिलं.

मिस्टर हेस्लप यांचा फोन आलाच नव्हता. मे गेला, जून गेला, जुलै-ऑगस्टही गेले. त्यांच्या घरून आल्यापासून एकदाही नाही. त्या बोलण्याची आपल्याला सवय झाली होती, हे मान्य करायला तिला बराच वेळ लागला. एका दुपारी पाऊस नव्हता, काम नव्हतं, रेडिओवरही काही धड नव्हतं. तिने स्वतःच नंबर फिरवला.

"हेस्लप."

"फ्रेडा चार्लटन बोलतेय. शिल्डनहून."

"हां. हां, मिसेस चार्लटन." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काही द्यायचं राहिलं का माझ्याकडून? तुम्ही आणलेल्या डब्याचे पैसे मी चेकने धाडले होते."

"मिळाले. त्यासाठी नाही केला." तिने कपाळ चोळलं. "गार्डाचा डबा बंद केला मी. तुम्हाला सांगावं म्हटलं."

"असं का," ते म्हणाले. "मग आता दुसरं काय चांगलं आहे तुमच्याकडे? चुनखडीची वगैरे? एक पाठवा हवं तर."

"जोडणार आहात?"

पलीकडे खुर्ची परत सरकली.

"नाही ना? मग नका मागवू," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज कडक निघाला. "म्हणजे, काही मागवायची गरज नाही. तसंच केलेलं चालेल."

"तसंच म्हणजे?"

"नुसता फोन."

फ्रेडाला काय बोलावं सुचेना. खोकं नाही, पत्ता नाही, घाई नाही म्हणायला काही नाही. त्यांनाही सुचत नसावं. त्यांच्या बाजूला कुठेतरी नळ ठिबकत होता, तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"तुमचा नळ गळतोय," ती म्हणाली.

"हो. वायसर गेलाय," मिस्टर हेस्लप म्हणाले. "बसवायचाय, पण होत नाही."

"हं," फ्रेडा म्हणाली आणि फोन दुसऱ्या कानाला लावून खुर्ची ओढून बसली.